मदत हवी आहे: वाइड अँगलमध्ये गोंदेश्वराचं शिखर मागे झुकतंय, कृष्णधवल केल्यावर कडेला पांढरी रेघ

नमस्कार मंडळी,

माझं आजोळ सिन्नर. आजीला आता गोंदेश्वरापर्यंत चालवत नाही, म्हणून तिच्या खोलीत लावायला देवळाचा मोठा कृष्णधवल फोटो करून द्यायचा आहे. गेल्या रविवारी बरेच फोटो काढले. त्यातला बरा वाटला तो लॅपटॉपवर दाखवला, तर तिनं बघितल्या बघितल्या विचारलं, "देऊळ मागं का पडतंय रे?" तेव्हापासून मला त्या फोटोत दुसरं काही दिसतच नाही.

कॅमेरा कॅननचा, क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान), २४ मेगापिक्सेल. लेन्स १०-१८ मिमीची, म्हणजे वाइड अँगल. नंदीमंडपाजवळ उभं राहून, फ्रेम आडवी धरून, १० मिमीवर कॅमेरा वर करून काढलाय. लाइटरूममध्ये (फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर) उभ्या रेषा सरळ केल्या की देऊळ ताठ होतं, पण शिखराचं टोक कापलं जातं आणि उरलेलं शिखर ओढल्यासारखं लांबट दिसतं.

दुसरा घोळ फोटो कृष्णधवल करताना झाला. आकाश गडद हवं म्हणून निळ्याचा स्लायडर (निळा भाग किती उजळ-गडद दिसावा ते ठरवणारी पट्टी) उणे ८० पर्यंत नेला. आकाश काळं झालं, पण त्यात डाग पडले आणि शिखराच्या प्रत्येक कंगोऱ्याला बारीक पांढरी रेघ उमटली. दगड मात्र सगळा एकाच राखाडीत बसलाय, कोरीवकाम सपाट झालंय. फोटो जेपेगमध्येच आहेत. पोलरायझर (आकाश गडद करणारा, लेन्सवर लावायचा फिल्टर) घेतला तर आकाशाचं काम होईल का? परत जाऊन काढायची तयारी आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

आजींची नजर पक्की आहे. कॅमेरा वर वळवला की उभ्या रेषा आत झुकणारच, त्यात लेन्सचा दोष नाही. कॅमेरा उभा धरा आणि अजिबात वर करू नका. ग्रिड (स्क्रीनवरच्या आडव्या-उभ्या रेषा) लावा, तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर जे दिसतं ते चौकटीच्या बरोबर मध्यावर ठेवा. १० मिमीवर उभ्या फ्रेममध्ये मध्यापासून वर साधारण ४८ अंश मावतात, म्हणजे शिखर जितकं उंच तितकंच मागे उभं राहिलात तरी टोक आत येतं. खाली निम्मी फरसबंदी येईल, ती नंतर कापा. खालचा तिसरा हिस्सा काढलात तर ४००० बाय ४००० चा चौकोन उरतो. १२ इंची प्रिंटला इंचाला ३३३ पिक्सेल मिळतात, भरपूर झाले.

प्रतिसाद २

डाग आणि रेघ बरीचशी जेपेगमुळे. त्यात रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा ढोबळ साठवलेली असते, आणि निळ्याचा स्लायडर चालतो तो रंगावरच. शिवाय प्रत्येक रंगाला फक्त २५६ पायऱ्या. १४ बिट रॉमध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) त्या १६,३८४ असतात. रॉमध्येच काढा. वाइड लेन्सच्या कोपऱ्यांत कडांना जांभळी-हिरवी किनार येते, ती फोटो कृष्णधवल करण्याआधी घालवा, नाहीतर तीच पुढे रेघ म्हणून दिसते. निळा उणे ३० च्या पुढे नेऊ नका. बाकीचा काळोख आकाशाला वेगळा मास्क लावून, म्हणजे बदल फक्त आकाशापुरता ठेवून, आणा.

पोलरायझर इथे नको. त्याचा परिणाम सूर्यापासून ९० अंशांवर सर्वांत जास्त असतो. इतक्या रुंद चौकटीत आकाशात एक गडद पट्टा उमटतो, तो पुसता पुसता जीव जातो.

दगडाचं म्हणाल तर काळ्या पाषाणाला मुळात रंगच नाही, स्लायडर त्याला काय करणार? तिथे काम करतं ते तिरकं ऊन. सकाळी लवकर जा. ऊन भिंतीला घासून जायला लागलं की एकेका मूर्तीची सावली सुटी होते. तुमचा फोटो दुपारचा दिसतोय.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. हो, दुपारी साडेबाराचाच आहे. जुन्याच जेपेगवर किनार काढून निळा उणे २५ वर आणून पाहिला, रेघ निम्म्याहून कमी झाली. कॅमेरा सरळ धरायचा सराव कालपासून समोरच्या इमारतीवर करतोय, तिच्या भिंती आता ताठ येतात. शनिवारी पहाटे निघतो. आधी आजीला दाखवतो, मग फोटो इथे डकवतो.