हायपर-व्हीवरून प्रॉक्समॉक्सवर जाताना डोमेन कंट्रोलरचे काय करावे?

प्रश्न: वडोदऱ्यात मकरपुरा येथे आमचा छोटा कारखाना आहे. विंडोज सर्व्हर २०१२ आर२ चा नियमित आधार १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपला असल्याने त्यावर हायपर-व्हीत (मायक्रोसॉफ्टची व्हर्च्युअल मशिने चालवणारी प्रणाली) चालणारी डोमेन कंट्रोलर (जाळ्यातील लॉगिन आणि परवानग्या सांभाळणारा सर्व्हर), टॅली आणि फाइल सर्व्हर ही तीन व्हर्च्युअल मशिने (एकाच संगणकात चालणारे आभासी संगणक) प्रॉक्समॉक्स या तशाच दुसऱ्या प्रणालीवर न्यायची आहेत. डिस्कच्या फाइली सरळ कॉपी केल्या तर चालेल का?

उत्तर: शेवटच्या दोन मशिनांसाठी चालेल; मात्र चेकपॉइंट (मशिनच्या आधीच्या स्थितीच्या जतन केलेल्या नोंदी) विलीन करून आणि मशिन पूर्ण बंद करूनच. डिस्क आधी साटा (डिस्क जोडण्याची नेहमीची पद्धत) म्हणून जोडावी, कारण व्हर्टआयओचे (आभासी मशिनांसाठीची वेगवान जोडणी) ड्रायव्हर आत नसतील तर विंडोज सुरूच होत नाही. टॅलीचा परवाना जुन्या मशिनवरून आधी परत करावा. ही गोष्ट हमखास विसरली जाते.

दुसरे उत्तर: डोमेन कंट्रोलर मात्र मुळीच कॉपी करू नये. नवे मशिन उभारून ते त्याच डोमेनमध्ये कंट्रोलर करावे, पाचही एफएसएमओ भूमिका (एका वेळी एकाच कंट्रोलरकडे असणारी खास कामे) त्याच्याकडे द्याव्यात, डीएनएसचे (नावावरून संगणकाचा पत्ता शोधणारी सेवा) पत्ते बदलावेत आणि मगच जुना कंट्रोलर रीतसर पदावनत करावा (त्याची कंट्रोलरची भूमिका काढावी). नव्यावर सर्व्हर २०२२ घ्यावा; २०२५ ला फॉरेस्टची (डोमेनांच्या समूहाची) कार्यपातळी किमान २०१६ लागते, जी २०१२ आर२ वरील कंट्रोलर असताना तुमच्याकडे असू शकत नाही.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. दिवाळीच्या सुटीत प्रथम फाइल सर्व्हर हलवतो.