मदत हवी: लोहाच्या गोळ्यांनी आईचं पोट जाम, गोळी बंद करू का?

हेमंत_कांजूर: आई ६१. हिमोग्लोबिन ८.९ आलं म्हणून गोळ्या चालू केल्या. तेव्हापासून संडासला धड होत नाही, झाली तर काळी. मळमळतं, जेवण जात नाही. इसबगोल देऊन झालं. डॉक्टर सोमवारशिवाय भेटणार नाहीत. लवकर सांगा.

औषधकाउंटर: कुठल्या गोळ्या? गोळ्यांच्या पाकिटावर लोह किती मिलिग्रॅम लिहिलंय? कधी, कशाबरोबर देता? आणखी काय चालू आहे?

गिरगावची_अन्नपूर्णा: गोळ्या हव्यात कशाला! लोखंडी कढईत चिंच घालून अळूचं फदफदं करा.

हेमंत_कांजूर: फेरस ॲस्कॉर्बेट, १००. मला लोकल गाठायची असते, म्हणून सकाळी चहाबरोबर सगळं एकदम देतो. कॅल्शियम, पॅन्टोप्राझोल, व्हिटॅमिन डी. ते नेहमीचंच, त्याचा काय संबंध?

औषधकाउंटर: संबंध तिथेच आहे. चहा आणि कॅल्शियम दोन्ही लोह अडवतात. पॅन्टोप्राझोलने पोटातलं आम्ल घटतं, त्यानेही शोषण कमी. न शोषलेलं लोह आतड्यात राहून पोट बिघडवतं. लोह दिवसाआड, लिंबूपाण्याबरोबर द्या, चहा दोन तासांनी. एका डोसनंतर हेप्सिडिन, म्हणजे लोहाचं शोषण रोखणारं संप्रेरक, वाढतं आणि जवळपास दिवसभर पुढचं लोह आत येऊ देत नाही. इसबगोलला मोठा पेलाभर पाणी हवंच, नाहीतर त्याचाच गोळा अडकतो. इतर गोळ्यांपासून दोन तास लांब ठेवा.

रात्रपाळी: दिवसाआड सरसकट नको हं. ८.९ ला बरेच डॉक्टर रोजच देतात, ते त्यांना ठरवू द्या. आणि पाळी बंद झालेल्या बाईचं रक्त जातंय कुठे, हे कोणी शोधलं का? लोहाने संडास हिरवट काळी पण बांधलेली होते. डांबरासारखी चिकट आणि उग्र वासाची असेल तर सोमवार बघत बसू नका. डी किती आणि कसं देता?

केशसंभार: बायोटिन घेत असाल तर थायरॉइडच्या तपासणीआधी किमान दोन दिवस बंद ठेवा, रिपोर्ट चुकतो.

हेमंत_कांजूर: बायोटिनचं कोणी विचारलं? संडास चिकट नाही. डी साठ हजार युनिटवाली, रोज एक. पाकिटं संपत आली. तहान मात्र सारखी लागते तिला, रात्रीही लघवीला उठते.

रात्रपाळी: थांबवा! ती साधारणपणे आठवड्याला एक असते. डी जास्त झालं की रक्तात कॅल्शियम चढतं आणि आतड्याची हालचाल मंदावते. मलावरोध, मळमळ, तहान, वारंवार लघवी, सगळं त्यात बसतं. तपासल्याशिवाय खात्री नाही, पण डी आणि कॅल्शियम दोन्ही आत्ता बंद. आजच रक्ताची तपासणी करा: सीरम कॅल्शियम, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी). डी चरबीत साठतं, बंद केल्यावरही परिणाम काही आठवडे राहू शकतो. उलट्या, गुंगी किंवा बोलण्यात गोंधळ दिसला तर थेट राजावाडी नाहीतर सायन हॉस्पिटल गाठा.

गिरगावची_अन्नपूर्णा: म्हणूनच म्हटलं, फदफदं.

औषधकाउंटर: ताई, चिंचेने कढईतलं लोह उतरतं, मान्य. पण ८.९ फदफद्याने भरून निघत नाही.

हेमंत_कांजूर: लॅबवाला घरी येतोय. उपाशी पोटी लागेल का?

रात्रपाळी: कॅल्शियमला तशी गरज नाही. दंडाला पट्टा फार वेळ आवळून ठेवू देऊ नका, आकडा खोटाच वर जातो.