पिकअप: क्लच सोडताना मागून 'खट्', क्राउन-पिनियनच गेलंय का?

हर्णै_फेरी
डिझेल पिकअप आहे, ओढ मागच्या चाकांना, मागे कमानपाटे, प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची ओढ मागे नेणारा दांडा) दोन तुकड्यांचा. हर्णै बंदरावरून मासळी आणि बर्फाचे क्रेट भरून खेड, चिपळूण, कुंभार्ली घाट आणि पुढे कराड असा फेरा असतो. पहिल्यात किंवा रिव्हर्सला टाकून क्लच सोडला की मागून एकच 'खट्'. उताराला ॲक्सिलरेटर सोडून परत दिला तरी तोच आवाज. अगदी हळू चालताना चिक-चिक येते, वेगाबरोबर तिची लय वाढते. हूंऽऽ असा आवाज कुठल्याच वेगाला नाही. गॅरेजवाले म्हणतात हाउसिंग (मागच्या ॲक्सलची पेटी) खोलून क्राउन-पिनियनचा, म्हणजे शाफ्टची ओढ चाकांकडे वळवणाऱ्या दात्यांच्या जोडीचा, सेट टाका. खर्च मोठा आहे. त्याआधी घरी काय तपासता येईल?

पाना_बत्तीस
इतक्यात हाउसिंग खोलू देऊ नका. क्राउन-पिनियनचे दात खाल्ले असतील तर ओढताना किंवा सोडताना, एकात तरी बहुतेक वेळा हूंऽऽ येतोच. तुमची चिक-चिक क्रॉसची आहे, म्हणजे शाफ्टच्या सांध्यातल्या अधिक-चिन्हासारख्या तुकड्याची, ज्याच्या चारही टोकांवर सुयांचं बेअरिंग असलेली टोपी असते: ग्रीस सुकलंय, आतल्या सुयांना गंज धरलाय.

गाडी सपाट जागी, रिकामी, इंजिन बंद. चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. चिऱ्याचे तुकडे नकोत, दाबाखाली फुटतात. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक पूर्ण ओढलेला. आता खाली जाऊन मागचा शाफ्ट हाताने डावी-उजवीकडे फिरवा आणि दुसऱ्या हाताची बोटं क्रॉसच्या टोपीवर ठेवा. शाफ्ट हलला पण पिनियनचा फ्लँज (हाउसिंगच्या तोंडाशी शाफ्ट ज्याला जोडतो ती चकती) जागीच राहिला, तर फट क्रॉसमध्ये. दोन्ही एकत्र हलून मग अडले, तर ती फट हाउसिंगमधली. तिथे थोडी फट असायलाच हवी. दातांमधली, शिवाय ॲक्सलच्या खाचांमधली, अशी ती साठत जाते. फ्लँज किंचित फिरतो एवढ्यावरून सेट बदलायला सांगणं चूक आहे.

क्रॉसला मात्र फटीची सूट नाही. यॉकमध्ये (क्रॉस धरणाऱ्या दुबेळक्यात) छोटी पहार घालून वर-खाली दाबा. टोपी केसभर हलली तरी क्रॉस बाद. टोपीच्या सीलभोवती लाल-तपकिरी पूड दिसली तर पहारीचीही गरज नाही.

मग फ्लँज धरून वर-खाली हलवा. इथे हालचाल दिसली तर पिनियनचं बेअरिंग गेलंय, आणि तेव्हा हाउसिंग खोलावंच लागेल. जाता जाता सेंटर बेअरिंगचं (शाफ्टच्या मधल्या आधाराचं) रबर फाटलंय का तेही बघा.

खाडीकाठ
वरच्या तपासणीत कमान बघायची राहून गेली. यू-बोल्ट (कमान ॲक्सलला आवळणारे) सैल असले तर क्लच सोडताना ॲक्सल पाट्यांवर वळतो आणि अगदी असाच 'खट्' येतो. पाटे आणि ॲक्सलची बैठक यांच्या सांध्यात बॅटरी मारून बघा: सगळीकडे गंज आणि मधेच एक चकाकणारी पट्टी असेल तर तिथे लोखंड लोखंडावर सरकतंय. सेंटर बोल्ट (पाटे मधोमध एकत्र धरणारा) तुटलाय का तेही पाहा. यू-बोल्ट तिरक्या जोडीने आवळा, एक बाजू पूर्ण करून मग दुसरी असं नको.

हाउसिंगचं तेलही बघा. भरायचा बोल्ट आधी सोडवा, तो निघाल्याशिवाय खालचा, तेल काढायचा, सोडू नका. वरचा जाम असला तर तेल गेलेलं आणि भरायला वाट नाही अशी पंचाईत होते. खालच्या बोल्टच्या चुंबकावर काळा लेप चालतो, तुकडे नाही. तेल दुधाळ असेल तर ब्रीदरमधून (हाउसिंगच्या हवा जायच्या तोंडातून) पाणी शिरलंय. गरम हाउसिंग बंदरावरच्या पाण्यात उतरलं की गार होताना आत ओढून घेतं.

हर्णै_फेरी
पाहिलं. मागच्या क्रॉसच्या दोन टोप्यांशी लाल पूड, पहारीने स्पष्ट हलतो. पुढचे दोन्ही क्रॉस घट्ट. फ्लँज जरासा फिरतो, वर-खाली अजिबात नाही. यू-बोल्ट ठीक, तेल काळं पण दुधाळ नाही, तुकडे नाहीत. क्रॉस बदलताना काय सांभाळायचं?

पाना_बत्तीस
मग मागचा क्रॉसच. शाफ्ट उतरवण्याआधी फ्लँज, यॉक आणि सरकत्या जोडाच्या (शाफ्टची लांबी कमी-जास्त होऊ देणाऱ्या खाचांच्या जोडाच्या) दोन्ही भागांवर खडूने नव्हे, पंचने खूण करा. जोड एक खाच जरी चुकून बसला तरी दोन टोकांचे यॉक एका रेषेत राहत नाहीत आणि नवा क्रॉस टाकूनही गाडी थरथरते.

टोपी व्हाइसमध्ये दाबून बसवा, घणाने नको. सर्क्लिप (टोपी अडवणारी कडी) खाचेत बसत नसेल तर जोर लावू नका: एखादी सुई आडवी पडून टोपीच्या तळाशी अडकलेली असते. काढा, सुया ग्रीसने चिकटवून पुन्हा बसवा. बसल्यावर क्रॉस हाताने सगळीकडे फिरला पाहिजे. ग्रीस निपल (ग्रीस भरायचं तोंड) गन पोहोचेल अशा बाजूला ठेवा आणि चारही सीलमधून नवं ग्रीस डोकावेपर्यंत भरा. एका टोपीतून येत नसेल तर ती सुकीच राहील. सरकत्या जोडालाही ग्रीस द्या.

क्रेटमधलं खारं पाणी फाळक्यातून थेट शाफ्टवर गळतं, म्हणून तुम्हाला पुस्तकातल्या मुदतीच्या निम्म्यात ग्रीसिंग करावं लागेल. खालून गोड्या पाण्याने धुऊन मग गन मारा, म्हणजे आत शिरलेलं पाणी बाहेर ढकललं जातं. आणि १ जूनला मासेमारी बंद होऊन गाडी उभी करणार असाल तर ग्रीस त्याआधी भरा, ऑगस्टमध्ये नाही. खारट ओल आत ठेवून दोन महिने उभ्या गाडीच्या सुया जागच्या जागी खड्डे पाडतात.