क्लच पेडल पंप केल्यावर गिअर पडतोय ना, मग गिअरबॉक्स उतरवू नका

भाऊ, तुम्ही म्हणायलात की सेकंडहँड गाडी सकाळी एकदम ओके असते पण औट्रम घाटात जाममध्ये अडकली की पहिला गिअर पडत नाही, पेडल दोन-चारदा दाबलं की पडतो, अन् मेकॅनिक म्हणतोय क्लच प्लेट गेली, गिअरबॉक्स उतरवून बदलावी लागेल. मला नाही पटत राव. प्लेट घासली असती तर गिअर आरामात पडला असता, चढाला नुसती रेस वाढली असती अन् गाडीनं ओढलं नसतं, तुमचं उलटंच होयलंय.

क्लच केबलवाला नसून ऑइलच्या प्रेशरवर चालणारा असेल तर आधी मास्टर सिलिंडर बघा, म्हणजे पेडल दाबलं की ऑइलला प्रेशर देतो तो. गाडी चांगली तापू द्या, मोकळ्या जागेत पहिला गिअर टाकून पेडल पूर्ण दाबून धरा, दुसरा पाय ब्रेकपाशीच ठेवा, अन् थोड्या वेळानं गाडी आपोआप पुढं सरकायली तर आतलं रबर सील प्रेशर सोडायलंय, ह्यात बाहेर थेंब दिसेलच असं नाही. तरी पेडलच्या वर, दांडा आत जातो तिथं बोट फिरवून बघा, अन् गिअरबॉक्सपाशी स्लेव्ह सिलिंडर असतो, त्या प्रेशरनं क्लच सोडवतो तो, त्याचं रबर जरा उचला, ओलं लागलं तर चोर सापडला.

अन् क्लचचं ऑइल (इंजिनचं नाही, ब्रेक ऑइलच असतं ते) काळं असेल तर पहिले तेच बदला, ते हवेतलं पाणी ओढतं, तापलं की वाफ धरतं अन् पेडल मऊ पडतं. कोणत्या ग्रेडचं टाकायचं, डॉट ३ का डॉट ४, ते त्याच्या डबीच्या झाकणावरच लिहिलेलं असतंय. विकणारा कुठं बदलून देतोय ते!