आप्पांच्या घराचं वीज-गॅस बिल: नोटीस आलीय, आज भरायचंय

प्रेषक: नीता
मंगळवार, सकाळी ७:१०

नमस्कार मंडळी,

आप्पा-आई पुण्यात आहेत हे माहीतच आहे, मार्चअखेर येतील. काल त्यांच्या इथल्या न्यू जर्सीच्या घरी टपाल काढायला गेले तर वीज-गॅस कंपनीची नोटीस. मागचं बिल भरलेलं नाही, दहा दिवसांत भरा, नाहीतर कनेक्शन बंद. मुदत या शुक्रवारी संपते. आप्पांनी निघण्याआधी चेक टाकलाय, चेकबुकात नोंद आहे, पण तो अजून वटलेला नाही.

कंपनीला फोन केला तर म्हणाले खातं तुमच्या नावावर नाही, काही सांगता येणार नाही. आप्पांनी ऑनलाइन खातं कधी उघडलेलंच नाही. घर रिकामं, थर्मोस्टॅट ५५ फॅरनहाइटवर. गॅस बंद झाला आणि थंडीत पाणी गोठून पाइप फुटले तर काय होतं ते आपण सगळ्यांनी कुलकर्ण्यांच्या बेसमेंटमध्ये पाहिलंय.

पैसे मी भरते, प्रश्न पैशांचा नाही. आज भरलेले त्यांना आजच दिसायला हवेत. कसं करू?

नीता

प्रेषक: मिलिंद
मंगळवार, सकाळी ७:३८

नीता, पैसे भरायला खातेदार असावं लागत नाही. माहिती विचारायला लागतं. कंपनीच्या साइटवर लॉगिन न करता भरायची सोय असते. बिलाच्या खालच्या फाडायच्या तुकड्यावर खाते क्रमांक आहे, तो आणि झिपकोड टाक, बाकी रक्कम दिसेल.

तुझ्या बँक खात्यातून थेट भरलंस तर फी नाही, कार्डाने भरलंस तर मधली कंपनी फी लावू शकते. तरी या वेळी कार्डच वापर. बँकेतून भरताना एखादा आकडा चुकला तर लगेच कळत नाही. साइट म्हणते 'स्वीकारलं', आणि दोन-चार दिवसांनी पैसे परत. चेकच्या खाली डावीकडे नऊ आकडी राउटिंग नंबर (बँकेचा ओळख क्रमांक) असतो, मग खाते क्रमांक, मग चेकचा नंबर. पुष्कळ लोक हा शेवटचा चेकचा नंबरही खाते क्रमांकाला चिकटवून टाकतात. कार्डाचं तसं नाही, मंजूर की नामंजूर ते तिथल्या तिथे समजतं.

भरल्यावर कन्फर्मेशन नंबर मिळेल. तो घेऊन नोटिशीवरच्या फोनवर परत बोल आणि 'मला माहिती नको, भरणा नोंदवून घ्या' एवढंच म्हण. नोटीस आलेली असताना ही पायरी गाळू नकोस.

प्रेषक: वृंदा
मंगळवार, सकाळी ८:०५

नीता, घाबरू नकोस गं. हिवाळ्यात इथे कुणाची वीज-गॅस कापत नाहीत. न्यू जर्सीचा कायदाच आहे तसा. आमच्या शेजारच्या बाईंचं तीन महिन्यांचं थकलं होतं, मार्चपर्यंत कुणी हात लावला नाही.

वृंदामावशी

प्रेषक: सुजाता (ज्येष्ठ सहाय्य समिती)
मंगळवार, सकाळी ८:५०

वृंदामावशी, हे पूर्ण बरोबर नाही आणि यावर विसंबून कुणी बिल ठेवून देऊ नये, म्हणून लिहिते.

१५ नोव्हेंबर ते १५ मार्च हे संरक्षण आहे, पण सरसकट सगळ्यांना नाही. लाइफलाइन, लाइहीप, यूएसएफ, एसएसआय अशा सरकारी मदत योजनांत असलेल्यांना ते मिळतं. आजारपण, नोकरी जाणं अशा हाताबाहेरच्या कारणाने भरता येत नसेल तर त्यांनाही, पण तसं कंपनीला कळवावं लागतं. तुमच्या शेजारीण बहुधा त्यात बसत असतील. आप्पा बसत नाहीत.

नीतासाठी कामाची गोष्ट वेगळी आहे. आपल्या राज्यात घरगुती कनेक्शन फक्त सोमवार ते गुरुवार, सकाळी ८ ते ४ या वेळेतच तोडता येतं. शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या आदल्या दिवशी नाही. म्हणजे शुक्रवारी मुदत संपली तरी सोमवारच्या आत माणूस येणार नाही. तरीही आजच भर.

आणि एक विनंती. असे प्रश्न आधी सहाय्य समितीच्या पत्त्यावर पाठवावेत. त्यासाठीच समिती आहे, आणि आमच्या माहितीपत्रकात हे सगळं आहे.

प्रेषक: मिलिंद
मंगळवार, सकाळी ९:१५

सुजाताताई, माहितीपत्रकात बिल भरण्याचे जे पत्ते आहेत त्यातलं काउंटर बंद झालंय, हे मी सप्टेंबरच्या बैठकीतच सांगितलं होतं. समितीला लिहिलं असतं तर नीताला त्या बंद दारापर्यंत जावं लागलं असतं. या ईमेल लिस्टवर विचारलं म्हणून पाऊण तासात उत्तर मिळालं.

प्रेषक: प्रसाद
मंगळवार, सकाळी ९:३२

काउंटरचा विषय निघालाच आहे म्हणून. रोख किंवा मनी ऑर्डरने भरणारे आपल्यात अजून आहेत, विशेषतः नवीन आलेले, ज्यांचं बँक खातं धड सुरू झालेलं नाही. सुपरमार्केटच्या सर्व्हिस डेस्कवर बिल घेतात, पण सगळीकडे नाही. 'येथे बिलं भरा' अशी पाटी लावलेलं प्रत्येक दुकान कंपनीने नेमलेलं असतंच असं नाही. न नेमलेला दुकानदार तुमची रोख घेतो, स्वतः चेक किंवा मनी ऑर्डर टपालाने पाठवतो, आणि तेवढे दिवस तुमचं बिल थकलेलंच राहतं. मी नवीन आलो तेव्हा माझे पैसे असेच एका दुकानात अडकले होते. पावती होती, पण ती दुकानाची, कंपनीची नाही.

नेमलेल्या काउंटरांची यादी कंपनीच्या साइटवर गावानुसार मिळते. अख्खं बिल न्या, नुसता खाते क्रमांक लिहिलेली चिठ्ठी नको. ते बारकोड स्कॅन करतात, आणि पावतीवर खाते क्रमांक छापून आला आहे का ते तिथेच उभं राहून बघा.

प्रेषक: शरद
मंगळवार, सकाळी १०:२०

नीतास आशीर्वाद.

आता सगळे म्हणतील ऑटोपे करा, म्हणजे बिल दर महिन्याला खात्यातून आपोआप जाऊ द्या. मी करू नका म्हणतो, आणि कारण देतो. चेक लिहायला बसलं की माणूस बिल वाचतो. किती थर्म (गॅस मोजायचं एकक) गॅस लागला, रीडिंग प्रत्यक्ष घेतलंय की अंदाजे लावलंय, मागच्या वर्षी याच महिन्यात किती होतं. अंदाजे रीडिंगवर दोन-तीन महिने बिल येतं आणि मग एकदम खरं रीडिंग घेऊन मोठा आकडा लावतात. ऑटोपेवाल्याला तो आकडा खात्यातून गेल्यावर कळतो.

मंडळाची खजिनदारी मी सांभाळली तेव्हा हॉलचं एकही बिल न वाचता गेलं नाही.

शरदकाका

प्रेषक: अनघा
मंगळवार, सकाळी १०:४१

काका, बिल वाचायचंच हे शंभर टक्के मान्य. पण चेक टपालात टाकणं आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. मी बँकेत काम करते, रोज बघते. पेटीतून पाकीट काढतात, शाई रसायनाने धुतात, नाव आणि रक्कम बदलून वटवतात. २०२३ च्या फेब्रुवारीत फिनसेनने (आर्थिक गुन्ह्यांवर नजर ठेवणारी अमेरिकेच्या अर्थखात्याची संस्था) सगळ्या बँकांना याबद्दल लेखी इशारा दिला होता. आप्पांचा चेक उशिरा पोचतोय असं धरून चालू नका, तो चोरीलाही गेलेला असू शकतो.

चेक लिहायचाच असेल तर जेल पेनने लिहा, ती शाई सहज धुतली जात नाही. घराच्या टपालपेटीला (पोस्टमनने पाकीट न्यावं म्हणून) लाल झेंडी लावून पाकीट ठेवू नका. पोस्टात आत जाऊन द्या.

ऑटोपेबद्दल म्हणाल तर तुमचा हक्क राहतो. पुढचा हप्ता थांबवायचा असेल तर वजावटीच्या आधी किमान तीन कामकाजाचे दिवस बँकेला सांगायचं. चुकीची रक्कम गेली तर स्टेटमेंट पाठवल्यापासून ६० दिवसांत तक्रार करायची. हे केंद्रीय नियमात आहे, बँकेच्या मर्जीवर नाही.

प्रेषक: शरद
मंगळवार, सकाळी ११:०२

अनघा, हक्क आहे हे ठीक. पण पैसे आधी जाणार आणि मग मी मागत बसणार. चेकात ते माझ्या हातात असतात. टपालाची भीती असेल तर बँकेच्या साइटवरून बिल-पे करावं. पैसे मी म्हणेन तेव्हाच जातात.

प्रेषक: मिलिंद
मंगळवार, सकाळी ११:२०

काका, बिल-पेमध्ये पुष्कळ वेळा बँक तुमच्या वतीने कागदी चेकच छापून टपालाने पाठवते. म्हणजे परत तेच टपाल. कंपनी इलेक्ट्रॉनिक स्वीकारते की नाही ते बिल-पेच्या पानावर नावाखाली लिहिलेलं असतं, आणि 'पाठवण्याची तारीख' व 'पोचण्याची तारीख' या दोन वेगळ्या असतात. शेवटच्या तारखेशी जुळवायची ती पोचण्याची.

घर बदललं की खाते क्रमांकही बदलतो. बँकेच्या यादीत जुनाच क्रमांक राहिला तर पैसे कंपनीकडे पोचतात पण तुमच्या नव्या बिलावर चढत नाहीत. आमच्या टाउनहाउसच्या ग्रुपमध्ये हे एकाहून जास्त घरांत झालंय.

प्रेषक: वसुधा
मंगळवार, दुपारी १२:१५

ते बारा महिने सारखं बिल येतं तो प्लॅन कुणी घेतलाय का? आमचं जानेवारीचं गॅसचं आणि जुलैचं एसीचं, दोन्ही अंगावर येतात.

प्रेषक: प्रसाद
मंगळवार, दुपारी १२:३०

घेतलाय. मागच्या वर्षभराचा वापर धरून सरासरी काढतात, मधे आकडा बदलू शकतो, शेवटी हिशोब करून फरक भरायचा किंवा परत मिळतो. ठरलेल्या पगारात चालवणाऱ्याला फार बरं पडतं. पण त्यात तुम्ही खरोखर किती वापरलं तो आकडाही बिलावर असतो, तो बघत राहा. २०२५ च्या जूनपासून आपल्याकडे विजेचं बिल १७ ते २० टक्क्यांनी वाढलं. जुन्या दराने सरासरी बसलेल्यांना शेवटच्या हिशोबात ते सगळं एकदम दिसलं.

प्रेषक: हेमंत
मंगळवार, दुपारी १२:४४

याच विषयात विचारतो. पुण्याच्या फ्लॅटचं महावितरणचं बिल इथून कोण कसं भरतं? माझं इथलं कार्ड चालत नाही.

प्रेषक: सुजाता (ज्येष्ठ सहाय्य समिती)
मंगळवार, दुपारी १:१०

हेमंत, कृपया नवीन विषय सुरू करा, नीताचं तातडीचं आहे.

मिलिंद, पत्ता काढून टाकते, आणि नवा मसुदा लिस्टवर टाकीन. काउंटरांची यादी प्रसादने तपासून द्यावी.

एक राहिलं. ज्यांना बिल भरणं खरंच जड जातंय त्यांनी संकोच करू नये. वर्षातून किमान एकदा हप्त्याने फेडण्याचा करार मागण्याचा हक्क प्रत्येक घरगुती ग्राहकाला आहे. ६५ वर्षांवरचे जे पीएएडी या राज्याच्या औषधखर्च-मदत योजनेत बसतात त्यांना लाइफलाइनमधून वर्षाला २२५ डॉलर मिळतात. कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर २११ हा मदतसेवांची माहिती देणारा नंबर फिरवा, किंवा मला फोन करा. नाव बाहेर जाणार नाही.

प्रेषक: वृंदा
मंगळवार, दुपारी १:२५

सुजाता, समजलं. आणि नीता, आता 'तासाभरात वीज कापतो' असा कुणाचा फोन आला तर ठेवून दे. दिवाळीच्या आधी जोशीकाकूंना आला होता, आठवतंय ना? गिफ्ट कार्डाचे नंबर वाचून दाखवा म्हणत होता. खऱ्या कंपनीला दहा दिवस आधी लेखी नोटीस द्यावीच लागते, आणि गिफ्ट कार्ड ती मागत नाही. संशय आला तर बिलावर छापलेल्या नंबरावर आपण फोन करायचा.

प्रेषक: नीता
मंगळवार, दुपारी ३:०५

भरलं! कार्डाने, थकबाकी आणि या महिन्याचं दोन्ही. कन्फर्मेशन नंबर देऊन फोन केला. बाईंनी खात्याबद्दल काही सांगितलं नाही, पण भरणा दिसतोय आणि नोटीस मागे घेतली जाईल एवढं म्हणाल्या.

आता आप्पांचा तो चेक. बँकेत थांबवायला सांगू का? मिलिंद फोनवर म्हणाला तसाच राहू दे, पोचला तर जादा रक्कम पुढच्या बिलात वळती होईल. थांबवला आणि कंपनीने तो भरला तर परत आलेल्या चेकची फी लागेल.

प्रेषक: शरद
मंगळवार, दुपारी ३:२०

थांबव. अनघा म्हणते तसं चोरीला गेला असेल तर त्यावर किती रक्कम लिहिली जाईल याला मर्यादा नाही. खात्यात आप्पांची शिल्लक मोठी आहे आणि ते लांब आहेत. फी त्यापुढे काहीच नाही. थांबवायचा अधिकार मात्र आप्पांचा, त्यांनी स्वतः बँकेला सांगायला हवं.

प्रेषक: अनघा
मंगळवार, दुपारी ३:२६

काकांशी सहमत. सांगताना चेकचा नंबर आणि रक्कम सेंटसकट बरोबर द्यावी, आणि हा आदेश किती महिने टिकतो ते विचारून घ्यावं. तो कायमचा नसतो.

प्रेषक: आप्पा
बुधवार, सकाळी १०:१५

सर्वांचे आभार. चेक थांबवला. कंपनीशीही बोललो, वेळ लागला पण झालं. खात्यावर नीताचं नाव अधिकृत व्यक्ती म्हणून घातलं. नोटिशीची दुसरी प्रत दुसऱ्या माणसाला पाठवण्याची सोय आहे असं त्यांनीच सांगितलं, तिथे शरदरावांचा पत्ता दिलाय. शरदराव, न विचारता दिला, चालेल ना? एकटं राहणाऱ्या सगळ्यांनीच ही सोय विचारून घ्यावी. दुसऱ्या माणसावर बिलाची जबाबदारी येत नाही, फक्त कागद येतो.

ऑटोपे केलेलं नाही. बिल ईमेलवर येईल, नीता आणि मी दोघं बघू, ती साइटवरून भरेल.

हेमंत, तुमचं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं भारतातलं रुपयांचं) खातं असेल तर त्याला यूपीआय जोडता येतं. २०२३ पासून अमेरिकेच्या फोन नंबरावरही परवानगी आहे, तुमची बँक देते का ते विचारा. महावितरणच्या बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक लागेल. तो हाताशी नसेल तर मला सांगा. मी शनिवारी तुमच्या सोसायटीच्या बाजूलाच जाणार आहे, मीटरजवळच्या पेटीत जुनं बिल पडलेलं असेल तर फोटो पाठवतो.

आप्पा