उत्तर: मॉन्टेसरी पुरेल का?

"मॉन्टेसरी केलंय, विशेष मुलांसाठी चालेल का?" असं ताईंनी विचारलंय. विशेष शिक्षिका म्हणून नाही चालणार. भारतीय पुनर्वास परिषदेची (विशेष शिक्षकांचे अभ्यासक्रम आणि नोंदणी बघणारी सरकारी संस्था) मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि मग तिथली नोंदणी लागतेच. या परिषदेचा कायदा १९९२चा आहे. फी भरण्याआधी मान्यता स्वतः तपासा. इथे इंदुरात मी तपासली नाही, वर्ष फुकट गेलं.

खरं शिकणं सरावाच्या वर्गात. साडेचार वर्षांचा एक मुलगा बोलत नसे. हात धुणं, डबा, खेळ अशी चित्रं क्रमानं भिंतीवर लावली. तिसऱ्या आठवड्यात डब्याच्या चित्रावर बोट ठेवून माझ्याकडे बघू लागला (डब्यात पोहेच, अर्थात!).

आणि घरी मराठी, शाळेत हिंदी म्हणून मूल बोलत नाही, असं आयांना सांगू नका. दोन भाषांनी तसं होत नाही.