कासदाहावर वनस्पतिजन्य औषध: ट्यूबला पर्याय, की हातची वेळ दवडणं?

गोठेवाला (धागा सुरू करणारा):
कासदाहात (जंतुसंसर्गाने कास सुजते त्या आजारात) दुधात गाठी दिसल्या की आपण लगेच सडात अँटिबायोटिकची ट्यूब सोडतो. ही सवय मोडायला हवी, असं माझं ठाम मत आहे. थाइमच्या तेलातलं थायमॉल, लवंगेतलं युजेनॉल, ओरेगॅनोतलं कार्व्हाक्रॉल ही द्रव्यं जंतूच्या पेशीचं आवरणच गळकं करतात.

माझ्या एका गाईचा मागचा डावा सड कडक आणि गरम झाला होता. काळ्या कपड्यावर पहिली धार काढली तर दह्याच्या कवड्यांसारख्या गाठी. ताप नव्हता, चारा खात होती. 250 ग्रॅम कोरफड, 50 ग्रॅम हळद आणि 15 ग्रॅम चुना वाटून लेप केला. दर वेळी सड पूर्ण पिळून, धुऊन, दिवसातून आठ-दहा वेळा लावला. तिसऱ्या दिवशी गाठी थांबल्या, पाचव्या दिवशी सड मऊ. अमेरिकेत सेंद्रिय कळपातल्या गाईला अँटिबायोटिक दिलं की तिचं दूध पुन्हा सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. तिथले गोठे वनस्पतीकडे वळतात ते काय उगाच?

पशुवैद्यक:
दादा, गाय बरी झाली याचा आनंद आहे. पण ती लेपाने बरी झाली हे कशावरून? ई. कोलायचा सौम्य कासदाह बऱ्याचदा गाईची प्रतिकारशक्तीच निपटते. सूज दिसेपर्यंत जंतू गेलेलेही असतात, त्यामुळे अशा दुधाच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून पाहायच्या चाचणीत) पुष्कळदा काहीच उगवत नाही. लेप न लावलेल्या तशाच गाई शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय श्रेय कुणाचं ते कळणार नाही.

दुसरं, प्रयोगशाळेतली जंतू वाढवायची बशी म्हणजे कास नव्हे. ही तेलं दुधातल्या स्निग्धांशाला आणि प्रथिनांना चिकटतात, जंतूपर्यंत पोचतात ती थोडीच. बशीत पुरलेली मात्रा दुधात पुरत नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरियस तर कासेच्या पेशींत शिरून बसतो. तिथे ट्यूबही हरते, लेपाचं काय घेऊन बसलात?

आणि सेंद्रियचा नियम अर्धाच सांगितलात. दर्जा टिकावा म्हणून आजारी जनावराचे उपचार रोखू नयेत, हेही त्याच नियमात आहे.

दूध तपासणारी:
डॉक्टर, तुमचाच मुद्दा ट्यूबवरही उलटतो. सौम्य ई. कोलाय आपोआप बरा होत असेल, तर जंतू न ओळखता ट्यूब कशाला? गोठ्यातच दुधाचा नमुना कल्चरला लावला तर साधारण 24 तासांत अंदाज येतो. सौम्य कासदाहात तेवढं थांबलं तर बरं होण्यात सहसा फरक पडत नाही. युरोपीय संघात 28 जानेवारी 2022 पासून अँटिबायोटिकच्या सरसकट प्रतिबंधक वापरावर बंदी आहे. म्हणजे सगळ्या गाईंना आटवताना (विण्याआधी दूध बंद करताना) डोळे झाकून ट्यूब सोडणंही बसत नाही. मला वनस्पतीची जागा त्या 24 तासांत दिसते.

पण दादा, गाठी थांबल्या म्हणजे संसर्ग गेला असं नाही. दूध स्वच्छ दिसतं आणि आत दर मिलीलिटरला 2 लाखांहून जास्त दैहिक पेशी (संसर्गाशी लढायला आलेल्या गाईच्या पेशी) असतात, म्हणजे आत दाह चालूच असतो. तुम्ही नंतर सीएमटी (दुधात अशा पेशी वाढल्यात का ते गोठ्यातच दाखवणारी चाचणी) केली का?

एक पशुपालक:
मी चिडूनच लिहितोय. असंच वाचून मी लवंगेचं तेल पातळ करून सडात सोडलं. गाय लाथा झाडत राहिली, दुसऱ्या दिवशी कास आणखी सुजली. कासेचा तो कप्पा (त्या सडाचा भाग) कायमचा आटला. "नैसर्गिक आहे, अपाय नाही" असं म्हणणाऱ्यांनी ती कास हाताने चाचपून पाहायला हवी होती.

गोठेवाला:
वाईट वाटलं. घरी केलेलं काहीही सडाच्या आत सोडू नका, हे मी पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं. ताई, सीएमटी केली नव्हती. उद्या चारही सडांची करतो. पण डॉक्टर, जंतू कळेपर्यंत बाहेरून लेप लावायला तुमची हरकत आहे का?

पशुवैद्यक:
गाय खातेय, ताप नाही, सूज एकाच कप्प्यात आहे, तर हरकत नाही. मात्र नमुना लेपाआधी घ्या, सडाचं टोक स्पिरिटने पुसून. माझ्या मते तुमच्या गाईला खरा गुण सड वारंवार रिकामा केल्याने आला. दूध पाण्यासारखं पिवळट झालं, कान गार पडले, गाय बसूनच राहिली, तर लेप वाटत बसू नका. रात्र असली तरी फोन करा.